दोनदा उमटलेलं जहाज

४ फेब्रुवारी

मुंगी,

पाकिटावर माझं अक्षर पाहूनच तू घाबरशील, म्हणून आधी सांगतो. घरात सगळे धडधाकट आहेत. तुझी वहिनी किती धडधाकट आहे ते शेजारपाजारचेही सांगतील.

मला कामावरून थांबवलं आहे. काढलं नाही, थांबवलं. चौकशी संपेपर्यंत टांकसाळीच्या फाटकातून आत जायचं नाही.

झालं ते असं. बाजारात आमच्याकडची तीन नाणी सापडली. जहाजाचं नाणं. त्यावर जहाज दोनदा उमटलंय. एक जागच्या जागी आणि दुसरं सरकून, पहिल्याच्या शिडावर चढल्यासारखं. एका नाणी जमवणाऱ्यानं त्यांचा फोटो वर्तमानपत्रात छापून आणला आणि आमच्या साहेबांची झोप उडाली. यंत्रातून पडलेलं प्रत्येक नाणं माझ्या पट्ट्यावरून जातं. वाकडं, तुटकं, दुबार जे असेल ते मी उचलतो, डब्यात टाकतो, डबा भट्टीत जातो. इतकी वर्षं हेच केलं. मग ही तीन बाहेर गेली कशी? साहेबांपाशी दोन उत्तरं आहेत. मी झोपलो होतो, नाहीतर मी ती खिशात घातली. पहिलं खरं ठरलं तर घरी बसायचं. दुसरं ठरलं तर कुठे बसायचं ते तूच समज.

तिसरं उत्तर मला तुझ्याकडून हवंय. नाणी आमच्याकडून चांगली गेली आणि नंतर बाहेर कुणीतरी त्यांच्यावर दुसरं जहाज ठोकलं. असले उद्योग करणारे असतात, तूच सांगत असतेस. ही टांकसाळीची चूक आणि ही नंतरची मोडतोड, हे सांगण्यासाठीच त्या लिलाव कंपनीनं तुला खुर्ची दिली आहे.

सुनावणीत त्यातलं एक नाणं माझ्या हातात दिलं, तेव्हा मी त्यावर कागद धरून पेन्सिल घासली. साहेब म्हणाले, "हा काय पोरखेळ?" तो कागद सोबत आहे. दुसऱ्या जहाजाच्या डोलकाठीपाशी नीट बघ. काय दिसतं ते कंपनीच्या कागदावर लिहून पाठव.

फोन करू नकोस. फोन पुढच्या खोलीत आहे आणि या घरात भिंतींच्याही आधी तुझी वहिनी ऐकते. रिकामा बसून मी शिवणाच्या पेटीतली बटणं आकाराप्रमाणे लावली. मग रंगाप्रमाणे लावली. ती म्हणाली, "आता भोकांप्रमाणे लावा, म्हणजे माझा जीव सुटेल."

तू नोकरीसाठी तिकडे गेल्यापासून तुझा नवरा रविवारी आमच्याकडे जेवतो, तसे जावईबापू परवाही आले. टांकसाळीतलंही फार बोलले नाहीत. तुझं विचारलं नाही, तेव्हा मीच सांगितलं की बरी आहे.

बरी आहेस ना?

दादा


९ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र आलं तेव्हा समोर एक गृहस्थ बसले होते. काठ आत वळलेलं नाणं घेऊन आले होते. जगात असं दुसरं नसेल म्हणत होते. मी म्हटलं, हे खिशातून कपडे धुण्याच्या यंत्रात गेलं, कुठल्याशा फटीत अडकलं आणि आपटून आपटून काठ वळला. ते म्हणाले, "बाई, तुमच्या मनात असूया आहे." असे दिवस जातात.

ते गेल्यावर मी तुझा कागद काढला. टेबलावर ठेवून वर भिंग धरलं.

पेन्सिलीत जे वर आलेलं असतं ते काळं उमटतं आणि खोल गेलेलं पांढरं राहतं. पहिल्या जहाजाच्या डोलकाठीपासून काठापर्यंत एक बारीक काळी रेघ आहे. म्हणजे तुमच्या ठशालाच तडा गेला होता. तड्यात धातू शिरला आणि नाण्यावर उभा राहिला. दुसऱ्या जहाजाला त्याच जागी काळी रेघ नाही. पांढरी आहे. म्हणजे तिथे ओरखडा आहे. एकाला तडा आणि दुसऱ्याला नाही, याचा अर्थ दोन जहाजं दोन वेगळ्या ठशांची. दुसरा ठसा तुमचा नाही. कुणीतरी बाहेर खोटा ठसा कोरून चांगल्या नाण्यावर मारला.

हे वाचून झालं आणि मी खुर्चीतून उठले. कुठे जायचं होतं म्हणून नाही. बसवेना. जिन्यावरून खाली गेले, रस्त्यावर आले, परत वर आले. शिपाई म्हणाला, "बाई, काही हरवलं का?"

एकच राहिलं. मी नवीन होते तेव्हा तू मला सांगितलं होतंस की खोटं मागून पकडायचं. बाहेर मारलेलं असेल तर नाणं कशावर तरी ठेवून मारलं असणार, आणि मागची बाजू दबून सपाट झालेली असणार. तुमच्या यंत्रात दोन्हीकडे ठसे असतात. तिथे दुबार पडलं तर मागेही दुबार पडतं. मागच्या बाजूचा कागद तू पाठवला नाहीस. तो पाठव, त्याच दिवशी कंपनीच्या कागदावर लिहिते.

मी बरी आहे. खोलीची खिडकी रस्त्यावर आहे, ती बंद केली तर गुदमरतं आणि उघडी ठेवली तर झोप नाही. दिवसभर लोकांची मोडकी नाणी बघते. "भंगार बघायला इतक्या लांब गेलीस," असं माझा नवरा मागे म्हणाला होता. रविवारी भेटला तर माझ्याकडून काही सांगू नकोस.

मुंगी


१५ फेब्रुवारी

मुंगी,

मागची बाजू घासायला वेळच मिळाला नाही. साहेबांनी नाणं हातातून काढून घेतलं. पण मी अंगठा फिरवून पाहिला. सपाट आहे. माझ्या अंगठ्यावर तुझा विश्वास असायला हरकत नाही.

आणि समजा सपाट नसली तरी काय बिघडलं? खाली जाड चामडं ठेवून मारलं तर मागची बाजू जशीच्या तशी राहते. हे तुलाही ठाऊक असेल.

पुढची सुनावणी महिनाअखेरीस आहे. सख्खी बहीण भावाकडे पुरावे मागत बसली तर परक्यांनी काय करावं? डोलकाठीची रेघ पुरेशी आहे. तेवढंच लिही.

काल उगाच चालत फाटकापर्यंत गेलो. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं मला पाहून चष्मा पुसायला घेतला. रोज सकाळी मला सलाम करणारा माणूस. चष्म्याची काच एवढी पुसली की नवा घ्यावा लागेल. मी समोर चहावाल्याकडे गेलो, चहा सांगितला, तो येण्याआधीच निघालो. घरी आलो तर तुझी वहिनी म्हणाली, "इतक्यात आलात?" आणि बाहेर पडलो तेव्हा म्हणाली होती, "आता कुठे निघालात?"

पत्र लवकर पाठव.

दादा


२६ फेब्रुवारी

दादा,

तुमच्या साहेबांनी तिन्ही नाणी तपासणीसाठी आमच्याच कंपनीकडे पाठवली. तुला कळवलं असेल किंवा नसेल. पाकीट उघडलं आणि मी सरळ आमच्या थोरल्या बाईंकडे गेले. म्हटलं, चौकशीतला माणूस माझा भाऊ आहे. बाई म्हणाल्या, "तू बघ. मग मी बघीन. सही माझी." एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली आणि स्वतःचं काम सुरू केलं.

मी पाहिलं. मग त्यांनी पाहिलं. दोघींना एकच दिसलं.

मागची बाजू सपाट नाही. मागेही सगळं दुबार आहे. आणि दुसऱ्या जहाजाच्या डोलकाठीपाशी ओरखडा नाही. तिथे तडाच आहे, पहिल्यासारखाच, वर उठलेला. नखाला लागतो. तिन्ही नाण्यांवर. दोन्ही जहाजं एकाच ठशाची आहेत, आणि तो ठसा तुमचा आहे.

मग मी तुझा कागद पुन्हा काढला. या वेळी वरून नाही पाहिला. दिव्यापाशी आडवा धरला. त्या पांढऱ्या रेघेवर कागदाचे तंतू उभे राहिलेत. बाकी कुठेच नाहीत. तू काळी रेघ खोडरबरानं पुसलीस. धार काढून पुसली असशील, काम सुबक आहे. लोक नाण्याशी जे करतात ते तू कागदाशी केलंस. आणि मी तो कागद घेऊन आनंदानं जिना उतरले होते.

त्याआधीच मला कळायला हवं होतं. चामड्यावर ठेवून मारलं तर मागची बाजू तशीच राहते म्हणे. हे तू लिहिलंस? हे आमच्याकडचा तो वळलेल्या काठाचा गृहस्थ म्हणाला असता तर मी हसले असते. धातूच्या बाबतीत तू आजवर एक चुकीचं वाक्य बोललेला नाहीस. आणि एकाच पत्रात आधी सपाट आहे आणि मग सपाट नसली तरी चालेल. मी ते वाचलं आणि मला वाटलं, दादा थकलाय.

अजून एक. यंत्राकडून चूक झाली तर ती कुठेही पडते. एक नाणं डावीकडे सरकतं, दुसरं अर्धंच उमटतं, तिसरं भलतीकडे फिरतं. इथे तिन्ही नाण्यांवर दुसरं जहाज जवळजवळ एकाच जागी आहे. दर वेळी केसभर पुढे. जणू कुणी जमेपर्यंत करून पाहत होतं. म्हणजे ही चूकही नाही आणि नंतरची मोडतोडही नाही. कुणीतरी यंत्र थांबवून तयार नाणं हातानं पुन्हा ठशाखाली ठेवलं. ती नाणी तुझ्या पट्ट्यावर आलीच नाहीत.

म्हणजे तू झोपला नव्हतास आणि तू चोरही नाहीस. हे तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. मग तू कुणावर पांघरूण घालतोयस? तडा गेलेला ठसा कोणत्या यंत्रावर होता ते तू मला डोळे मिटून सांगू शकतोस.

सुनावणी पुढे ढकलली आहे, आमचा अहवाल येईपर्यंत. मी थोडी थांबेन. फार थांबता येणार नाही.

मुंगी


३ मार्च

मुंगी,

खोडरबर तुझ्या वहिनीचा. ब्लेडनं धार मी काढली. तू पकडशील असं वाटलं होतं, पण इतक्या उशिरा पकडशील असं नव्हतं वाटलं. म्हणजे तुझा माझ्यावर भरवसा आहे. असो.

ठसा चार नंबरच्या यंत्रावर होता. चार नंबर कोण चालवतं ते मी सांगायला नको.

वर्तमानपत्रातला फोटो पाहिला त्याच संध्याकाळी मी त्यांच्या खोलीवर गेलो. तुमच्या खोलीवर. तू गेल्यापासून तिथे एकच कप वापरात आहे, बाकीचे फळीवर पालथे. मी उभ्यानंच विचारलं, "जावईबापू, हे तुमचं काम?"

"हो."

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"तिच्यासाठी करत होतो," म्हणाले. "तुम्ही बसा तरी."

मी बसलो. मागच्या खेपेला तू दोन दिवस घरी आली होतीस, तेव्हा जेवताना तू म्हणे एका दुबार नाण्याविषयी बोललीस. दोन्ही चित्रं अख्खी आहेत आणि एकमेकांना कापत नाहीत असं नाणं तू कधी पाहिलेलं नाहीस, असं म्हणालीस. ताट वाळेपर्यंत बोलत होतीस. ते मला म्हणाले, "माझ्याशी ती इतकं कधी बोलली नाही. म्हटलं, तसं एक तिला करून द्यावं."

मी म्हटलं, "अहो, साडी घ्यायची!"

"साडी ती भिंगानं बघत नाही," म्हणाले.

मला हसू आलं, मुंगी. त्या वेळी, त्या खोलीत.

जमलं नाही ते जमलं नाहीच. फसलेली नाणी भट्टीच्या डब्यात टाकायची म्हणून खिशात घातली, पाळी संपली, विसरले, आणि फाटकासमोर चहावाल्याला सुटे म्हणून देऊन आले. टांकसाळीत जन्म गेलेला माणूस, आणि खिशातून काय काढून देतोय ते पाहिलंसुद्धा नाही. असा वेंधळा मला दुसरा सापडला नसता. आणि मीच त्याला घरी आणून तुझ्यापुढे बसवलं होतं, चांगला मुलगा आहे म्हणून. चांगलाच आहे.

यंत्रात हातानं नाणं घालणाऱ्याला नोकरीवरून काढत नाहीत, पोलिसांच्या ताब्यात देतात. लक्ष नसलेल्या म्हाताऱ्याला घरी बसवतात. मला दोन्हींतला फरक कळतो. काल मी साहेबांना लिहून दिलं की नाणी माझ्या पट्ट्यावरून गेली, माझ्या नजरेतून सुटली, डोळे आता अधू झालेत. सही केली. साहेबांना बरं वाटलं असावं. खुर्ची दिली.

जावईबापू स्वतः जाऊन सांगायला निघाले होते. मी त्यांना तुझी शपथ घातली. तू त्यांना काही लिहू नकोस. अहवालात "निश्चित सांगता येत नाही" असं लिहा. लिहितात ना तसं तुमच्यात?

वहिनीला मी डोळे अधू झाल्याचंच सांगितलंय. तेव्हापासून ती मला जिना उतरताना हात देते आणि मला तो घ्यावा लागतो.

दादा


४ मार्च

दादा,

तुझं उत्तर आलं नाही. अहवाल आज सकाळी गेला. बाईंनी सही केली.

दोन्ही जहाजं टांकसाळीच्या एकाच ठशाची, दुसरं हातानं ठेवून उमटवलेलं, नाणी तपासणीच्या पट्ट्यावर आल्याची शक्यता दिसत नाही, असं लिहिलं. कोणाचं नाव त्यात नाही. नावं नाण्यावर दिसत नाहीत.

शेवटी एक वाक्य मी बाईंना सांगून घातलं. असं नाणं अनुभवी तपासनिसाच्या हातून सुटू शकतं का याची शंका असेल, तर त्या तपासनिसाला पट्ट्यावर बसवून, इतर नाण्यांत हे नाणं सोडून पाहावं. बाईंनी वाक्य दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "भावाची इतकी खात्री आहे?" मी म्हटलं, भावाची नाही, त्याच्या कामाची आहे.

आता तू सुटशील. कुणाला झाकत असशील तर त्याचं त्याला निस्तरू दे. मला आज खूप दिवसांनी भूक लागली.

मुंगी


९ मार्च

दादा,

तुझं पत्र माझं पत्र टपालात पडल्यावर आलं.

मी ते कचेरीत वाचलं, घरी जाताना वाचलं, खोलीत वाचलं. "साडी ती भिंगानं बघत नाही." या वाक्याचं मी काय करू?

त्या जेवणाचं मला आठवतंय. मी बोलत होते आणि तो ताटात बघत होता. मला वाटलं, याला कंटाळा आलाय. म्हणून मी अजून बोलत राहिले, मुद्दाम, चिडून. तो ऐकत होता हे मला कळलं नाही. समोर बसलेला माणूस.

मी उद्या बाईंकडे जाऊन अहवाल परत मागवू शकते. काय सांगून मागवू? की खरं लिहिलं, ते चुकून लिहिलं? काल त्यांच्या दारापर्यंत गेले होते. त्यांनी वर पाहिलं, मी म्हटलं, काही नाही.

तुला कळतंय ना काय झालंय ते? तू लिहून दिलंस की नाणी तुझ्या पट्ट्यावरून गेली. आम्ही लिहिलं की गेलीच नाहीत. साहेबांच्या टेबलावर आता दोन्ही कागद असतील, आणि त्यांना वाटेल की तू सामील आहेस. म्हणून ते तुला पट्ट्यावर बसवतील. मीच सुचवलंय. तू नाणं उचललंस तर तुझी सही खोटी ठरेल आणि ते चार नंबरकडे वळतील. तू ते जाऊ दिलंस तर तू संपलास. ते वाक्य मी तुला सोडवायला घातलं होतं.

तू काय करावंस ते मी सांगणार नाही. सांगितलं तर त्याचाही तुला राग येईल आणि न सांगितल्याचाही. त्याला लिहायला तीनदा बसले. "प्रिय" नंतर काय लिहायचं ते सुचत नाही. कागद फाडून टाकते, मग तुकडे उचलून बघते की कोणी वाचू शकेल का. इथे कोण वाचणार?

शपथ सोडव त्याची. एवढं तरी कर.

मुंगी


२२ मार्च

मुंगी,

शपथ मी सोडवली नाही. आधी ते सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला मोकळा.

मंगळवारी बोलावलं. साहेब, चौकशीचे अधिकारी, लिहून घेणारा एक कारकून. मला माझ्याच पट्ट्यावर बसवलं. स्टूल तेच, फक्त कुणीतरी त्याची उंची बदलली होती. ती मी आधी नीट केली. अधिकारी म्हणाले, "तुमचे डोळे अधू झालेत असं तुम्ही म्हणता." मी म्हटलं, "हो." "मग हे नाणं तुमच्या समोरून गेलं तरी तुम्हाला दिसणार नाही." मी म्हटलं, "दिसेलच असं नाही." कारकुनानं ते लिहून घेतलं.

यंत्र सुरू करायला सांगितलं. माझा पट्टा चार नंबरचा. म्हणजे यंत्रापाशी जावईबापूच होते. आमची नजरानजर झाली नाही, कारण दोघांनीही होऊ दिली नाही.

मी काय ठरवलं होतं ते सांगतो. बघायचंच नाही. समोरच्या भिंतीवर तेलाचा एक जुना डाग आहे, त्याच्याकडे बघत राहायचं. जे बघितलं नाही ते सुटलं, यात खोटं काही नाही. नाणी यायला लागली. तो आवाज महिन्याहून जास्त दिवस ऐकला नव्हता. मुंगी, मला लाज वाटते सांगायला, पण बरं वाटलं. मी डागाकडे बघत होतो. अधिकारी माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. कुठूनतरी त्यांनी ते नाणं आत सोडलं असणार.

बोटं मात्र पट्ट्यावर होती. बोटं खाली सोडल्याशिवाय मला त्या स्टुलावर बसताच येत नाही. नाणी बोटांखालून सरकत होती, सगळी एकसारखी, आणि मी डागाकडे बघत तुझ्याविषयी विचार करत होतो, की तू जेवलीस की नाही.

अधिकारी म्हणाले, "हातात काय आहे?"

मी खाली पाहिलं. दोन बोटांत ते नाणं होतं. उचलल्याचं मला कळलं नव्हतं. डबा डाव्या हाताला असतो, तिकडे हात अर्धा गेलाही होता.

मी म्हटलं, "चुकून आलं." कारकून लिहायचा थांबला. अधिकारी हसले नाहीत. म्हणाले, "डोळे तर तुम्ही भिंतीला लावले होते."

मी दुसरं काहीतरी बोलणार होतो. काय ते आता आठवत नाही, पण खोटंच असणार. तेवढ्यात यंत्र थांबलं. पट्टा थोडा पुढे जाऊन थांबला, त्यावरची नाणी एकमेकांवर आली. साहेब ओरडले, "बंद कोणी केलं?" जावईबापू चिंध्यांना हात पुसत आले. माझ्याजवळ उभे राहिले, पण बोलले अधिकाऱ्यांशी.

"यांच्याकडे ती आलीच नव्हती. यांच्याकडे आली असती तर तुम्हाला कधी दिसलीच नसती."

"मग कोणाकडे होती?"

"मी केली. माझ्या बायकोला दाखवायची होती."

कारकुनानं विचारलं, "दाखवायची म्हणजे विकायची?" अधिकारी त्याला म्हणाले, "ते जे बोलले तेवढंच लिहा." त्यानं लिहिलं. जावईबापूंनी ते वाचून पाहिलं, "माझ्या" आधीचा "केली" हा शब्द राहिला होता तो घालायला लावला आणि सही केली. मी मध्ये बोलायला गेलो तर माझ्याकडे वळून म्हणाले, "दादा, शपथ मोडली. तिला तुम्हीच सांगा."

म्हणून सांगतोय.

त्यांना लगेच नेलं नाही. येत्या नाही, त्यापुढच्या सोमवारी हजर व्हायला सांगितलंय, तोवर शहर सोडायचं नाही. पुढे काय ते वकील बघेल. साहेब म्हणाले, विकल्याचं दिसत नाही, हेतू पाहतील. साहेब काहीही म्हणतात. खोटं लिहून दिलं म्हणून मला लेखी समज मिळाली, आणि त्याच पाकिटात कामावर रुजू होण्याचा कागद. वहिनीनं दोन्ही वाचले. मग म्हणाली, "म्हणजे इतके दिवस मी चांगल्या डोळ्यांच्या माणसाला जिना उतरवत होते." आणि आत जाऊन रडली. मी दाराशी उभा राहिलो. आत जावं की नाही ते कळेना.

जावईबापू आता आमच्याकडेच झोपतात. झोपत नाहीत. मीही झोपत नाही. एकमेकांना ऐकू जाऊ नये म्हणून दोघंही हलत नाही, आणि सकाळी दोघांचीही मान धरलेली असते. काल विचारलं, तिला काही लिहू का तुमच्याकडून? म्हणाले, "शिडाचं टोक दर वेळी कापलं जात होतं, ते लिहा. तिला कळेल का ते." मी म्हटलं, कळेल.

मी गुरुवारपासून कामावर जातो. चार नंबरला अजून माणूस दिलेला नाही, तेव्हा माझ्या पट्ट्यावर काही येत नाही. तरी बसवतात. स्टुलावर बसतो, बोटं पट्ट्यावर ठेवतो. पट्टा गार असतो.

त्या सोमवारच्या आत ये.

दादा